ग्रेट ओशन रोड: एका दिवसात उरकू नका, मुक्काम करा

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला आलं की ग्रेट ओशन रोडला, म्हणजे समुद्राकाठच्या प्रसिद्ध रस्त्याला, जाऊन या असं सगळेच सांगतात, आणि बहुतेक जण पहाटे निघून रात्री परत येतात, म्हणजे दिवसभर गाडीत आणि ट्वेल्व्ह अपोस्टल्सला (समुद्रात उभे असलेले खडकाचे उंच खांब) भर उन्हात जेमतेम अर्धा तास. प्लीज असं करू नका. एक रात्र राहा आणि तो मुक्काम मधे कुठे नाही, शेवटाकडे पोर्ट कॅम्पबेलला ठेवा, का ते पुढे सांगते.

रस्ता टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड, साधारण २४० किमी. सुरुवात टॉर्कीकडूनच करा. तिकडेही गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवतात त्यामुळे जाताना समुद्र तुमच्याच बाजूला राहतो, वाटेत कुठेही थांबायचं झालं तर समोरून येणाऱ्या गाड्या कापून पलीकडे जावं लागत नाही, आणि शेजारी बसलेल्याची तर चंगळच. जो चालवतोय त्याने मात्र रस्ताच बघायचा, विशेषतः लॉर्न ते अपोलो बे, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि वळणावर वळण. ४५ किमीच आहे पण तासभर धराच. मागे गाड्या साचल्या तर जागा बघून बाजूला घ्या आणि त्यांना जाऊ द्या. गाडी लागणाऱ्यांनी गोळी आधीच घ्या, वळणं सुरू झाल्यावर उपयोग नाही.

ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर कमान लागते तिथे नक्की थांबा. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ मधे हा रस्ता खोदला, कुदळ-फावड्याने, आणि युद्धात गेलेल्या आपल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. हे माहीत असलं की पुढचा प्रत्येक कडा वेगळा दिसतो, खरंच.

केनेट रिव्हरला नीलगिरीच्या झाडांत वर बघत चला, फांदीच्या बेचक्यात राखाडी गाठोडं अडकल्यासारखं दिसलं की तो कोआला. बहुतेक वेळा झोपलेलाच असतो, आवाज करून उठवू नका.

अपोलो बेला टाकी फुल करा, मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, कारण पुढे समुद्र गायब होतो आणि रस्ता ऑटवेच्या जंगलात शिरतो, रेंजही जाते. रस्ता चुकलो की काय असं वाटेल, चुकलेला नसता. मेट्स रेस्टला अर्ध्या तासाची पायवाट आहे, डोक्याच्या वर गेलेले नेचे आणि ओलसर गारवा, पाय मोकळे करायला मस्त. हे जंगल अंधार पडायच्या आत पार करा, संध्याकाळी कांगारू, वॉलबी अचानक रस्त्यात येतात.

आता मुक्कामाचं कारण. इथून पुढचा किनारा चुनखडीचा आहे, लाटा तो खालून पोखरतात, आधी गुहा, मग कमान, मग कमान कोसळली की सुटे खांब. अपोस्टल्समधला एक २००५ मधे कोसळला. इथल्याच लंडन ब्रिज नावाच्या खडकाची जमिनीकडची कमान १९९० मधे पडली तेव्हा पुढच्या टोकावर दोघं अडकले होते, त्यांना हेलिकॉप्टरने आणावं लागलं. त्यामुळे फोटोसाठी कुंपण ओलांडायचा विचारही नको. अपोस्टल्स सूर्यास्ताला बघा, जवळच पोर्ट कॅम्पबेलला झोपा आणि सकाळी गर्दी व्हायच्या आधी परत जा, उजेड दुसऱ्या बाजूने आला की तेच खांब पार वेगळे दिसतात.

सकाळीच लॉक आर्ड गॉर्जपण (कड्यांमधली अरुंद घळ) करा. १८७८ मधे लॉक आर्ड नावाचं जहाज इथे फुटलं, ५४ जणांपैकी फक्त दोघं वाचली, टॉम पिअर्स आणि ईव्हा कारमायकल. पायऱ्या उतरून त्या इवल्याशा वाळूवर उभं राहिलं की तिन्ही बाजूंनी पिवळट भिंती आणि समोरच्या फटीतून आत घुसणारी लाट, त्यातून टॉमने तिला ओढून आणलं होतं. मी तिथे बराच वेळ नुसती उभी होते. पाण्यात मात्र उतरू नका, पोहायचंच असेल तर लाल-पिवळे झेंडे लावलेल्या बीचवर, त्या झेंड्यांच्या मधे.

परतताना त्याच वळणांवरून येऊ नका, आतून कोलॅकमार्गे हायवे धरा, साधारण तीन तासांत मेलबर्न.