गॅलेक्सीच्या मध्यभागी ब्लॅक होलच आहे का, हे गुरुत्वीय लहरींवरून कसं ओळखायचं

आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागी ४३ लाख सूर्यांएवढं वजन आहे हे ताऱ्यांच्या फिरण्यावरून कळलं, त्यालाच २०२० चं अर्धं नोबेल मिळालं, पण मानपत्रात 'ब्लॅक होल' नाही तर 'अतिप्रचंड वजनाची दाट वस्तू' असं लिहिलंय. मला तो शब्द फार प्रामाणिक वाटतो, कारण वजन कळलं म्हणजे वस्तू ओळखली असं होत नाही.

आधी गुरुत्वीय लहर (जड वस्तू एकमेकींभोवती फिरताना अवकाशात उठणारा तरंग) कुठे शोधायची ते ठरवा. दहा-वीस सूर्यांएवढं छोटं ब्लॅक होल मोठ्याभोवती फिरत फिरत आत जातं, त्याला एमरी म्हणतात, आणि तेच आपल्याला हवंय. ४४०० ला वजनाने (सूर्यांच्या हिशोबात) भागा, शेवटच्या स्थिर कक्षेतली (त्याहून आत गेलं की छोटं थेट पडतं) लहरीची फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये येते. ४३ लाखांना साधारण ०.००१ आली, म्हणजे साडेबत्तीस मिनिटांत एक फेरी आणि, एका फेरीत दोन लाटा उठतात म्हणून, सोळा मिनिटांना एक लाट. मोठं स्वतःभोवती फिरत नाही असं धरून हा आकडा आहे, फिरत असेल आणि छोटं त्याच दिशेने फिरत असेल तर आकडा वर जातो. एवढी संथ लाट जमिनीच्या थरथरीत बुडून जाते, म्हणून हिंगोलीत औंढ्याला होणारं लायगो-इंडिया हे लहरी पकडणारं यंत्रसुद्धा इथे कामाचं नाही, त्याला अंतराळातलं लिसाच पाहिजे: २५-२५ लाख किलोमीटरवर तीन यानं, युरोपच्या अंतराळसंस्थेने (इसा) जानेवारी २०२४ मध्ये मंजूर केलीत, २०३५ ला उडवायचा बेत आहे.

आता खरं काम. हजारो फेऱ्यांचा सिग्नल टेम्प्लेटशी (गणिताने आधी काढलेल्या लहरीच्या नमुन्याशी) जुळवत न्या आणि त्यातून तीन गोष्टी काढा. लांबट कक्षेचं टोक किती सरकतं आणि फ्रिक्वेन्सी किती, यावरून वजन (दुसऱ्या गॅलेक्सीतलं असेल तर लहर ताणलेली येते, वजन जास्त दिसतं, म्हणून (१ + रेडशिफ्ट) ने भागा, रेडशिफ्ट म्हणजे लहर किती ताणली गेली त्याचं माप). कक्षेचं प्रतल किती डोलतं त्यावरून स्पिन, म्हणजे मोठं स्वतःभोवती किती फिरतं ते. तिसरी गोष्ट मधल्या वस्तूचा फुगवटा, आणि सगळा निकाल इथेच लागतो, कारण ब्लॅक होल असेल तर फुगवटा वजन आणि स्पिन यांवरूनच ठरतो, त्याला वेगळी मुभाच नाही. लहरींतून हे वाचता येतं हे फिंटन रायन या भौतिकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये दाखवलं. तिन्ही आकडे एकमेकांत बसले नाहीत तर बोसॉन स्टारसारखं (होरायझन नसलेली, अजून फक्त कल्पनेतली दाट वस्तू) काहीतरी असू शकतं, पण लगेच जाहीर करू नका, भोवती गॅसची चकती असली तरी फेऱ्यांचं गणित हलतं, ते आधी तपासा.

शेवटचा तुकडा नीट बघा. छोटं आत पडल्यावर लहर झटकन विरली तर ते होरायझनशी (जिथून काहीच परत येत नाही ती ब्लॅक होलची सीमा) जुळतं, पण तेवढ्याने होरायझन सिद्ध होत नाही; आत गेल्यावरही बराच वेळ चालू राहिली तर तिथे ब्लॅक होल नाही.