‘दिवसातून तीनदा’ म्हणजे नक्की कधी?

डॉक्टर झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेच्या, म्हणजे बॉण्डच्या वर्षासाठी गडचिरोली जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची ऑर्डर हातात पडली, तेव्हा मी सर्पदंश आणि मलेरियाचे डोस पाठ करून गेले होते. ते उपयोगी पडलेच. पण पहिल्या महिन्यात माझं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि यंदा बॉण्डवर जाणाऱ्यांना मला तेच सांगायचं आहे.

न्यूमोनियाचे एक आजोबा सहाव्या दिवशी खोकतच परत आले. पंधरा कॅप्सूल दिल्या होत्या, जेवणानंतर तीनदा. त्यांनी कमरेच्या गाठीतून पाकीट काढलं. आत बरोबर पाच शिल्लक. "डोस चुकवलेत तुम्ही," मी आवाज चढवून म्हणाले. आशाताईंनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, त्यांच्या घरी चूल दोनदाच पेटते." आजोबांनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता. तेव्हापासून आम्ही पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र काढू लागलो. सांगून झालं की पेशंटलाच विचारायचं, "आता मला सांगा, कधी कधी घेणार?" अर्धं मिनिट लागतं. ओपीडीत ऐंशी जण बसलेले असले तरी ते काढा.

भाषेचंही तसंच. गोंडी, माडिया मला येत नव्हती, म्हणून आईसोबत आलेल्या शाळकरी मुलाकडूनच तिची तक्रार समजून घ्यायचे. "पोटात दुखते म्हणते," एवढंच तो सांगायचा. पुढच्या खेपेला आशाताईंना मध्ये बसवलं तेव्हा कळलं, तिच्या अंगावर पांढरं जात होतं. मुलासमोर ती हे कसं बोलणार? दुभाषा म्हणून घरचं लेकरू कधीही वापरू नका.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तुम्हाला तिथे रोज भेटेल. पाणी भरपूर प्या, उन्हात जाऊ नका, फॉलिक ॲसिड चुकवू नका, हे आपण पाठ म्हटल्यासारखं सांगतो. पण मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. घरात रोख पैसा येतो तो तेव्हाच. ‘उन्हात जाऊ नका’ हा सल्ला तिथे फुकट जातो. मग मी पेशंटसोबत बसून दिवस आखायला शिकले: पहाटे जंगलात, नऊच्या आत घरी, पाण्याची कॅन सोबत, दुपारी पानांचे पुडे बांधायचं काम सावलीत. हे ऐकलं जातं, कारण ते जमण्यासारखं असतं. आणखी एक, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेलही आहे. प्रमाणपत्रासाठी कुठे जायचं, ते पेशंटला तुम्हीच सांगा. बहुतेकांना माहीतच नसतं.

वेळ काढून शोधग्रामला जाऊन या. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथे दवाखाना बांधण्याआधी आदिवासींना विचारलं, तुम्हाला कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहू देत नाहीत, प्रेताला गुंडाळतात तसले पांढरे कपडे डॉक्टर घालतात, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तो दवाखाना गोंडी गावासारखा उभा आहे, नातेवाइकांना राहायची सोय आहे आणि नाव देवीचं, माँ दंतेश्वरी. मी परत आल्यावर ॲप्रन खुंटीला टांगला. तो माझ्या अंगावर पाहिला की लहान मुलं का रडायची, ते तेव्हा उमगलं.

आमच्या केंद्राला रॅम्प होता. त्यावरून पोलिओने एक पाय गेलेली गरोदर बाई कुबडीवर आत यायची. सहावा महिना लागला होता, तीन वेळा येऊन गेली होती, पण पोटाच्या तपासणीचा रकाना कोरा. कारण तपासणीचं टेबल तिच्या छातीइतकं उंच. तिला चढता येत नव्हतं, गर्दीत कुणी चढवलं नाही, आणि बीपी-वजन करून आम्ही तिला पाठवत होतो. त्यात मीही होते. त्याच दुपारी वॉर्डातली बुटकी लाकडी खाट ओपीडीच्या पडद्यामागे आणली. बाळाचे ठोके पहिल्यांदा त्या खाटेवर ऐकले, आणि तिलाही ऐकवले.

मागच्या महिन्यात तिथल्या नव्या डॉक्टरचा फोन आला होता. ओपीडीत जागा अपुरी पडते, ही खाट काढू का, विचारत होती. मी म्हटलं, हलवू नकोस, ती बाई आता दुसऱ्यांदा गरोदर आहे, पुढच्या मंगळवारी येईल.