घळीत फुलपाखरं शोधायला जाताय? या चुका टाळा

सप्टेंबरात कासला गाड्यांची रांग लावणारी मंडळी होळी झाली की फुलपाखरांचं नाव काढत नाहीत. "सगळं वाळलंय, आता काय दिसणार?" इथूनच चुकायला सुरुवात होते. पाऊस सरतानाची गर्दी फाल्गुन-चैत्रात नसते, हे खरं. पण त्या गर्दीच्या दिवसांत फुलपाखरं डोंगरभर पांगलेली असतात. आता माथा करपलेला असतो आणि ओल उरते ती घळीच्या तळाशी. ठोसेघर-पाटणकडच्या डोंगरांत ज्या ओढ्याला अजून पाझर आहे, तिथं फुलपाखरं आपणहून गोळा होतात.

आणि तिथं जाऊन लोक काय करतात? चालतात! घळ "पूर्ण" करायची असते ना. एका मार्चमध्ये एक ग्रुप भल्या पहाटे ओढ्यात उतरला. हातात काठ्या, मोबाइलवर किलोमीटर मोजणं चालू. आठलाच आम्हाला ओलांडून वर गेले आणि साडेनऊला परत आले. "काही नाही हो इथं, उगीच आलो," म्हणत मिसळ खायला निघूनही गेले. म्हशी घेऊन आलेले एक मामा हसून म्हणाले, "आरं, पाणी सोडून कुठं हुडकत फिरत्यात ही पोरं?" घळीच्या तळाला ऊन पोचलं तेव्हा दहा वाजत आले होते. मग म्हशींनी तुडवलेल्या ओल्या वाळूवर आधी दोन-चार पिवळी उतरली, त्यांना बघून आणखी आली, मग ब्लू बॉटल, आणि शेवटी आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत.

फुलपाखराचं रक्त थंड. अंग उन्हात तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही, म्हणून पक्षी बघणाऱ्यांचं पहाटेचं वेळापत्रक इथं कामाचं नाही. ओल्या वाळूत त्यांना हवे असतात क्षार, आणि त्यासाठी येतात ते बहुतेक नर. जिथं गुरं पाणी पितात आणि मुततात, तिथं गर्दी जास्त. नवखे नेमकं तिथंच नाक मुरडून पुढं जातात. माझी सवय सांगतो. ओल्या वाळूपासून दोन-तीन हात लांब दगडावर बसायचं, तोंड उन्हाकडं, म्हणजे सावली पाठीमागं पडते. सावली अंगावर पडली की सगळी उठतात. उठली तरी पाठलाग करू नका, बसलेले राहिलात तर परत येतात. अर्धा तास एका जागी बसवत नसेल तर सरळ किल्ला चढायला जा, तिथं घाई चालते.

दुसरी चूक मात्र जिवावर बेतणारी आहे. या दिवसांत कड्याच्या कपारीला आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि लोक घळीत शिरताना खाली बघतात, वर नाही. अशाच एका कपारीखाली एका गृहस्थांनी तीन दगड मांडून मॅगीसाठी काटक्या पेटवल्या. धूर सरळ मोहोळाकडं. वरच्या बांधावरून गुराख्यानं शिव्या घालत आग विझवायला लावली म्हणून त्या दिवशी निभावलं, नाहीतर अरुंद घळीत पळायला वाटच नसते. गृहस्थ वर म्हणतात, "मला काय माहीत?" अहो, मान वर करायला काय लागतं? त्यामुळं माझ्याबरोबर येणाऱ्यानं अत्तर, डिओ मारायचा नाही, स्पीकर आणायचा नाही, विडी-सिगारेट पेटवायची नाही. पटत नसेल तर येऊ नये. मोहोळ उठलंच तर हात झाडू नका, तोंड-डोकं कापडानं झाका आणि गप तिथून लांब निघा. डोंगरावर वणवा दिसला तर त्या दिवशी घळीत उतरूच नका.

किरकोळ चुका भरपूर. काठीसाठी कारवी मोडू नका, ब्लू ओकलीफ फुलपाखराच्या अळ्या तिच्यावर वाढतात. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू जमिनीवर शोधत बसू नका, त्याची अळी बांडगुळावर असते, तेव्हा बांडगूळ लागलेल्या आंब्याकडं वर बघा. पंख धरून फोटो काढणाऱ्यांशी मी बोलत नाही.

"नवीन जात सापडली" म्हणून फोटो पाठवणाऱ्यांसाठी थोडं जास्त. काही फुलपाखरांचं पावसाळी आणि कोरड्या दिवसांतलं रूप वेगळं असतं. बुशब्राउनच्या पंखांखालच्या डोळ्यांसारख्या ठसठशीत खुणा उन्हाळ्यात बारीक ठिपक्यांवर येतात, कारण आता त्याला पाचोळ्यात लपायचं असतं. पीकॉक पॅन्सीही पंख मिटले की वाळकं पान वाटतं. म्हणून पंख उघडे आणि मिटलेले, दोन्ही फोटो घ्या. ॲपनं सांगितलेलं पहिलं नाव लगेच छातीठोकपणे सांगत सुटू नका.

जाळं घरी ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली काही फुलपाखरांनाही संरक्षण आहे. कोयना अभयारण्य किंवा चांदोलीच्या हद्दीतली घळ असेल तर वनखात्याची परवानगी आधी काढा. "फुलपाखरंच तर बघायचीत" म्हणून नाक्यावर वनरक्षकाशी हुज्जत घालण्यात ऊन वाया जातं.