नवा कमिटर निवडताना

कमिटर म्हणजे ओपन सोर्स प्रकल्पाच्या कोडमध्ये थेट बदल घालायची परवानगी असलेला माणूस. तो निवडताना कमिटची, म्हणजे कोडमध्ये नोंदलेल्या बदलांची, संख्या मोजणं सोपं, म्हणून बरेच प्रकल्प तिथेच अडकतात. त्यापेक्षा उमेदवाराच्या गेल्या काही महिन्यांतल्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्यासाठी केलेल्या विनंत्या, उघडा आणि कोडखालची चर्चा वाचा. ‘इथे नल (रिकामी किंमत) आला तर?’ असं विचारल्यावर टेस्ट जोडली, की नुसताच वाद घातला? स्वतःच्या बदलाने बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार होणं) मोडल्यावर तो लगेच मागे घेतला का? इतरांचे पॅच, म्हणजे सुचवलेले बदल, तपासले का? डॉक्युमेंटेशन आणि बग-छाननीही योगदानात धरा. हे हमखास विसरलं जातं.

प्रक्रियेसाठी अपाची फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेची पद्धत उचलण्याजोगी आहे. पीएमसी, म्हणजे प्रकल्पाची व्यवस्थापन समिती, नावावर खासगीत चर्चा करते. उघडपणे केली आणि नाव नाकारलं गेलं, तर चांगला माणूस दुखावून निघून जातो. मग मतदान: साधारणपणे किमान ७२ तास, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या सदस्यालाही सवड मिळते. समितीची किमान ३ ‘+१’ (होकाराची) मतं हवीत, एकही ‘-१’ (नकाराचं) नको. नकार देणाऱ्याने कारण लिहायलाच हवं. ‘अजून लवकर होतंय’ एवढं पुरत नाही, नेमकं काय कमी पडतं ते सांगा.

मंजुरीनंतर आधी खासगी निमंत्रण द्या. होकार आला, योगदान-परवान्याचा करार सही होऊन पोचला, की खातं उघडा. जाहीर घोषणा सगळ्यात शेवटी. घाईत ती आधी केली आणि समोरच्याने नकार दिला, तर दोन्हीकडे अवघडलेपण येतं. पहिला कमिट किरकोळ असू द्या: टीमच्या यादीत स्वतःचं नाव घालणं. परवानग्या नीट मिळाल्यात का, तेही त्यात कळतं.