संगणकीय विज्ञानाचे गटप्रकल्प जाहीर करण्याआधी: शिक्षकांसाठी तयारीची यादी

विषय जाहीर करण्याआधी प्रत्येक विषय स्वतः एकदा सोडवून पाहा. विषय किती नवा आहे हे नंतर. आलेलं उत्तर बरोबर आहे की नाही, हे गटाला स्वतःच्या बळावर तपासता येईल का, ते आधी. एकमितीय उष्णता समीकरण (सळीत उष्णता कशी पसरते ते सांगणारं) यासाठी उत्तम. सळीची दोन्ही टोकं शून्य तापमानाला आणि सुरुवातीचं तापमान साइन वक्रासारखं धरलं, की अचूक उत्तर कागदावर काढता येतं. मग साध्या एक्सप्लिसिट पद्धतीत (पुढच्या क्षणाचं तापमान थेट आधीच्या क्षणाच्या आकड्यांवरून काढतात ती) सळीवरच्या बिंदूंमधलं अंतर निम्मं करायला सांगा. काळाची पायरी चौथाईवर आणली, तर चूकही साधारण चौथाई व्हायला हवी. काळाची पायरी आधीच स्थिरतेच्या मर्यादेला (जिच्यापुढे चुका वाढतच जातात) टेकलेली असताना ती तशीच ठेवणाऱ्या गटाच्या आलेखात करवतीसारखे दाते उठतात आणि बघता बघता आकडे हाताबाहेर जातात. हे मुलांना त्यांच्याच स्क्रीनवर दिसू द्या, लगेच सावरायला धावू नका.

गट तीन-चार जणांचे ठेवा आणि ते तुम्हीच पाडा. कोणाला प्रोग्रॅमिंग किती येतं, गणित कितपत जमतं, हे आधी लिहून घ्या. मुलांवर सोडलं तर कोडिंग येणारे एकत्र येतात आणि उरलेल्यांचा एक गट बनतो. त्यांच्यावर हा सरळ अन्याय आहे.

पहिल्याच दिवशी प्रत्येक गटाला गिट रिपॉझिटरी (कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवायची जागा) उघडून द्या. त्यात लायब्ररींच्या (वापरलेल्या तयार कोडच्या) आवृत्त्या नोंदलेल्या हव्यात. रँडम आकडे वापरले असतील तर सीडसुद्धा, म्हणजे तेच आकडे पुन्हा मिळवून देणारी सुरुवातीची संख्या. कमिट (गिटमध्ये नोंदवलेले बदल) मोजून मात्र गुण देऊ नका. दोघं एकाच संगणकावर बसून काम करतात, तेव्हा नोंद बहुधा एकाच्याच नावावर पडते.

गुणांचा तक्ता विषयांबरोबरच हातात द्या. 100 पैकी किमान 30 गुण पडताळणीला असावेत, असं माझं ठाम मत आहे. अचूक उत्तराशी तुलना, चूक कशी घटते याचा आलेख, चाचण्या, हे सगळं त्यात येतं. सुंदर अ‍ॅनिमेशनचे गुण सादरीकरणात द्या.

निम्मं सत्र सरायच्या आत एक तपासणी ठेवा. लहानसं का होईना, चालणारं काहीतरी तेव्हा दिसायला हवं. सहकाऱ्यांच्या कामाबद्दलचा गोपनीय फॉर्म त्याच आठवड्यात भरून घ्या. शेवटी घेतला तर तक्रार कळते, पण काही करायला वेळ उरत नाही.

तोंडी परीक्षा प्रत्येकाची स्वतंत्र घ्या. जोडीदाराने लिहिलेलं एखादं फंक्शन उघडा आणि विचारा, ‘हे टोक उष्णतारोधक करायचं असेल, तर कोणत्या ओळी बदलाल?’ ज्याला समजलंय तो बरोबर त्या ओळीवर बोट ठेवतो, मग कोड कुणीही लिहिलेला असो.

शेवटच्या आठवड्यात एका गटाचा कोड दुसऱ्या गटाने निव्वळ रीडमी (कोड कसा चालवायचा ते सांगणारी फाइल) वाचून दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावा. त्यासाठी लॅब आधीच राखून ठेवा आणि सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायची परवानगीही आधीच मिळवा.