सरकी राखायची तर दुसऱ्या वेचणीची, फरदडीची नको

मालेगाव, नांदगाव, येवला पट्ट्यात कपाशीची दुसरी वेचणी सुरू आहे. ज्यांनी सरळ, म्हणजे संकरित नसलेला वाण लावलाय, मग तो देशी असो की अमेरिकन, आणि पुढच्या खरिपासाठी घरचंच बी, म्हणजे सरकी, राखायचं आहे, त्यांनी ही वेचणी हातची घालवू नये. पुढचा कापूस बियाण्याच्या कामाचा नाही.

हे दरवर्षी सांगावं लागतं, कारण दरवर्षी तेच होतं. पहिल्या दोन वेचण्यांचा पांढराशुभ्र कापूस नडीपायी व्यापाऱ्याच्या गाडीत जातो. घरात उरतो तो जानेवारी-फेब्रुवारीचा, हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचा, म्हणजे फरदडीचा माल, पिवळट, किडका, कवडी लागलेला. त्याला भाव नसतो. मग तोच जिनिंगवर नेऊन सरकी परत आणतात आणि मृगात ‘घरचं बी’ म्हणून टोकतात. उगवण निम्मी होते, ओळीच्या ओळी तुटाळ राहतात, त्या मोकळ्या जागा (नांग्या) भरेपर्यंत पावसाचा खंड पडतो. ऑगस्ट उजाडला की त्याच शेतात डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमललेली फुलं, दिसू लागतात. वाण खराब निघाला असं म्हणतात. वाणाचा काही दोष नसतो, बी चुकीच्या वेचणीचं असतं.

खात्री करायची असेल तर फरदडीची मूठभर सरकी घ्या आणि उन्हात बसून निवडा. एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या सापडतील, आतून धाग्याने शिवल्यासारख्या. नखाने त्या वेगळ्या करा. मधल्या पोकळीत गुलाबी अळी वळून बसलेली असते. दिवस लहान झाले, रात्री गार पडू लागल्या की ही अळी कोषात न जाता तशीच सुप्त पडून राहते, आणि तिचा पतंग उन्हाळा-पावसाळ्यात बाहेर येतो. निफाडला पारा दहाच्या खाली उतरू लागला की बोंडातली अळी झोपायच्या तयारीला लागली असं समजा. शेवटच्या वेचणीची सरकी घरात आणणं म्हणजे पुढच्या हंगामाची बोंडअळी पोत्यात भरून ठेवणं.

संकरित बीटीची (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेल्या कपाशीची) सरकी तर बी म्हणून राखूच नका, ती कितव्याही वेचणीची असो. संकराची पुढची पिढी फुटते. एक झाड उंच, एक ठेंगणं, एकाला बोंडं लवकर, दुसऱ्याला उशिरा. बीटीचं जनुकही सगळ्या सरक्यांत सारखं उतरत नाही. बीजी-2 या बीटीच्या दुसऱ्या पिढीत दोन जनुकं आहेत. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही येतात, काहींत एकच, आणि हिशेबाने सोळात एका सरकीत एकही नसतं. बोंडअळी नेमकी सरकीच खाते, त्यामुळे तिला एकाच बोंडात विषारी आणि बिनविषारी घास मिळतो. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली त्याचं हे एक मोठं कारण आहे. दुसरं कारण फरदड. 2002 साली बीटी आली, 2006 ला बीजी-2 आली, आणि 2017 ला महाराष्ट्राने बोंडअळीचा तडाखा खाल्ला. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात बीटी सरळ वाणात दिली गेली, आपल्याकडे संकरितात आली. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-4, 1970 साली सुरतेच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी दिला. मोठं काम होतं ते, उत्पादन वाढलं यात वाद नाही. पण तेव्हापासून शेतकऱ्याचा हात बियाण्यावरून सुटत गेला. आता दर मृगात 475 ग्रॅमच्या पाकिटासाठी दुकानापुढे रांग लागते.

सरळ वाणाचं बी राखणं, वापरणं, शेजाऱ्याला देणं हा 2001 च्या पीक वाण संरक्षण कायद्याने दिलेला हक्क आहे. कंपनीच्या नावाने, छापील पाकिटात मात्र ते विकता येत नाही. कोरडवाहू, हलक्या-मध्यम रानासाठी देशीत अकोल्याचा एकेए-7, परभणीचा पीए-255, जळगावचा फुले धन्वंतरी आहे. अमेरिकनमध्ये पीकेव्ही रजत, नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेचा सूरज, नांदेडचा एनएच-615. देशी कपाशीला पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी जास्त सोसतात.

झाडं निवडायची कशी, ते नीट सांगतो, कारण वाण टिकतो की बिघडतो ते इथेच ठरतं.

वेचणीच्या आधी सकाळी दव सुकल्यावर शेतात फिरा. बांधाकडच्या चार-पाच ओळी सोडा. कापसात मधमाशांमुळे परपरागीकरणही होतं, शेजारच्या वाणाचा पराग कडेला आधी येतो. प्रमाणित बियाण्यासाठी दुसऱ्या वाणापासून 30 मीटर अंतर धरतात, पायाभूतसाठी (ज्यापासून प्रमाणित बी तयार होतं) 50. तेवढं रान नसेल तर निदान मधला तुकडा धरा. देशी आणि अमेरिकन शेजारी असतील तर घाबरू नका, त्यांची गुणसूत्रं वेगळी (26 आणि 52), सहसा संकर धरत नाही. खतांच्या ढिगाजवळचं, चारीकडेचं दांडगं झाड निवडू नका. ते खताने माजलेलं असतं, त्याचा तो गुण बियाण्यात उतरत नाही. मुरमाड जागी, इतरांइतकंच पाणी मिळून जे झाड बोंडांनी लदलंय ते खरं.

पाहायचं काय? फळफांदी बुडापासून किती खाली सुरू झाली. खोडाजवळच्या पहिल्या जागेची बोंडं किती धरली. बोंडं एकदम फुटली की रेंगाळली. पानांवर लव आहे का. लवदार पानावर तुडतुडे कमी बसतात. फुटलेला कापूस बोंडात टिकतो की वाऱ्याने गळतो. माझा एक अंदाज आहे, त्याला विद्यापीठाची शिफारस नाही: ऑक्टोबरच्या खंडात दुपारी ज्या झाडाची पानं शेवटी मान टाकतात, त्याची मुळं खोल गेलेली असतात. अशी झाडं तेव्हाच ओळखून ठेवली असतील तर त्यांना आधी चिंधी बांधा.

एकरात शंभर-दोनशे झाडं निवडा, खुणेला चिंधी बांधा, कमी नको. दहा-वीस झाडांचंच बी राखलं तर वाणातली विविधता जाते, वाण आखडतो. उंची, पान, फुलाचा रंग वेगळा दिसणारं भेसळ झाड असेल तर ते आजच उपटा. वेचणीला येणाऱ्या बायांना चिंधीची झाडं दाखवा आणि त्यांची ओटी वेगळी बांधायला लावा. जुन्या जाणत्या मावशींना विचारा, कोणतं झाड वेचायला भरभर येतं ते त्यांना बरोब्बर ठाऊक असतं.

पहिली वेचणी परतीच्या पावसात भिजली असेल तर तीही बियाण्याला नको. ऐन नोव्हेंबरात ढग येतात. 26 नोव्हेंबर 2023 ला निफाड-चांदवडकडे अवकाळी आणि गारपिटीने काय केलं ते विसरू नका. फुटलेल्या बोंडात पाणी गेलं की सरकी आतून उबते आणि मरते. अंदाज पावसाचा दिसला तर मजुराची वाट बघू नका, चिंधीची झाडं घरच्यांनी आधी वेचा.

बियाण्याची कामं:
- कापूस तीन-चार दिवस उन्हात वाळवावा.
- घरच्या चरखीवर किंवा गज-पाटावर सरकी काढावी. जिनिंगवर न्यायचीच तर यंत्र आधी झाडून घ्यावं.
- फुटकी, काळी, जोड सरकी निवडून टाकावी.
- ओलावा 10 टक्क्यांच्या आत असावा. दाताखाली सरकी कट्‌ वाजली पाहिजे.
- कापडी पिशवी, वाणाचं नाव, वेचणीची तारीख. प्लास्टिक नको.
- एप्रिलच्या उन्हात पातळ थर करून तापवावी. सुप्त अळी राहिली असेल तर ती मरते.
- मे महिन्यात 100 सरक्या ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. 65 च्या खाली उगवल्या तर पेरू नये.
- पेरताना शेण-मातीच्या काल्यात चोळावी. मग थायरम 3 ग्रॅम प्रति किलो, ते वाळल्यावर ॲझोटोबॅक्टर 25 ग्रॅम प्रति किलो.

गंधकाम्लाने सरकीवरचे तंतू काढायची शिफारस किलोला 100 मिलीची आहे. घरी, मुलंबाळं वावरतात तिथे, ते करू नका. शेण-माती पुरते.

बांधावर अंबाडी किंवा ताग असेल तर नियम उलटा आहे. तिथे धागा खोडात असतो आणि फुलोरा आला की खोडाची वाढ थांबते. म्हणून उंच, बिनफांदीचं, उशिरा फुलणारं झाड बियाण्याला धरायचं. अंबाडीवर आणि भेंडीवर गुलाबी बोंडअळी जगू शकते, तेव्हा कपाशीलगत ती बोंडं वाळवत ठेवू नका.

आता फरदडीचं. ज्यांना पाणी आहे ते उन्हाळ कांद्यासाठी रान आपोआप मोकळं करतात. गिरणेच्या पाटाखाली एखादं पाणी मिळतंय म्हणून, किंवा कोरडवाहूत ‘असू द्या, चार क्विंटल निघेल’ म्हणून कपाशी मार्चपर्यंत उभी राहते, तिथे गावची बोंडअळी पोसली जाते. या दिवसांत दुकानदार ‘पुन्हा फुलोरा येईल’ म्हणून टॉनिकची बाटली हातात देतो, सोबत दोन-तीन कीटकनाशकांचं मिश्रण. घेऊ नका. अळी बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. फवारणीचा निर्णय आधीच्या महिन्यांत घ्यायचा असतो. एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे), त्यात सलग तीन दिवस दर सापळ्यात रोज 8 पतंग, किंवा 10 टक्के फुलं-बोंडं कीडग्रस्त. ती वेळ गेली.

डिसेंबरअखेर:
- शेळ्या-मेंढ्या बसवाव्या. अलीकडे फवारलं असेल तर पंधरा दिवस थांबून.
- पऱ्हाट्या (कपाशीची उभी झाडं) मुळासकट उपटाव्या, श्रेडरने बारीक करून कुजवाव्या.
- गळालेली बोंडं वेचून नष्ट करावी.
- नांगरट करून रान तापू द्यावं.

चुलीसाठी पऱ्हाटीचा भारा बांधावर रचायचा असेल तर आधी त्यावरची न फुटलेली, वाळकी बोंडं झोडून काढा. तेवढंही होणार नसेल तर भारा गावाबाहेरच राहू द्या आणि मेअखेर संपवा. व्यापाऱ्याची गाडी दारात आली असेल, तर चिंधीच्या झाडांची ओटी तेवढी आधी घरात ठेवा. एकराला पुरेल इतकं देशीचं बी चार-पाच किलोच लागतं.