नदीकाठच्या गावाची वही कशी करावी: कुरुंदवाड धरून सांगतो

भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. साखळी ओढली, हद्दीचे दगड शोधले, बांधावरची भांडणं ऐकून घेतली. आता कोल्हापुरात राहतो, पण गाव कुरुंदवाड. शिरोळ तालुक्यात, पंचगंगा कृष्णेला मिळते तिथलं. ओळखीतली पोरं-पोरी येतात आणि विचारतात, "काका, गावाचा इतिहास-भूगोल लिहून काढायचाय, सुरुवात कुठनं करू?" बहुतेकांच्या वहीत पहिल्या पानावर राजाचं नाव असतं. मी सांगतो, ते पान पुढं ढकला. गाव नदीकाठचं असेल तर आधी पाण्याची रेघ काढा. पाणी कुठवर चढतं हे कळलं की देऊळ तिथंच का, पेठ वरच्या अंगाला का, जुनी पाणंद वळसा घेऊन का जाते, हे तुमचं तुम्हालाच उमगायला लागतं.

त्यासाठी पहिल्यांदा नकाशे मिळवा. भारतीय सर्वेक्षण खात्याचा पन्नास हजारी नकाशा घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. जुन्या क्रमांकांप्रमाणे कुरुंदवाड, नृसिंहवाडी आणि खिद्रापूर ही तिन्ही ४७ एल/१० या एकाच पत्रकावर येतात. दोन्ही नद्यांची वळणं त्यावर झकास दिसतात. उंचीसाठी मात्र तो पुरत नाही, कारण त्यावरच्या उंचीच्या रेषा २०-२० मीटरनं असतात आणि आमच्याकडं जमीन इतकी सपाट की दोन रेषांच्या मध्ये अख्खं गाव मावतं. पुराला तर दोन-तीन मीटरचा फरक पुरतो.

मग उंची कशी काढायची? दुर्बीण नको, खर्च नको. पुरानंच ती मोजून ठेवली आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या खुणा काठच्या गावांत अजून सापडतात. कुणी रंगानं रेघ ओढलेली असते, कुणाच्या भिंतीला ओल चढून पोपडे आलेले असतात, कुणी दाराच्या चौकटीवर खिळा मारून ठेवलेला असतो. आमच्याकडचा पूर हा बराचसा तुंबून वर आलेल्या पाण्याचा असतो, आणि तुंबलेलं पाणी गावठाणापुरतं सगळीकडं एकाच पातळीला असतं. म्हणून एकच पूर धरा, समजा २०१९ चा. प्रत्येक खुणेपासून खाली जमिनीपर्यंत टेप लावा. एका घरी सहा फूट भरलं आणि पुढच्या गल्लीत दोन फूट, तर ती गल्ली चार फूट उंचावर आहे. चावडी, देवळं, मशिदी, तालीम, शाळा, वाडा, बाजार, सगळीकडं असं माप घ्या. जिथं खूणच नाही तिथं गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल पाईप आणा, शेजारच्या खुणेवरून पातळी न्या. दोन माणसं लागतात. एकानं पाण्याची कड खुणेला धरायची, दुसऱ्यानं पलीकडं खडूनं रेघ मारायची. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मापं गावठाणाच्या नकाशावर लिहिलीत की जुनं गाव कुठल्या टेकाडावर बसलं आणि नंतर कुठल्या बाजूनं खाली उतरलं, हे कागदावर उभं राहतं. गावाच्या इतिहासाचं याहून खात्रीचं पहिलं पान मला माहीत नाही.

दुसरं काम शेताचं. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात गावनकाशा आणि नदीकडच्या सर्व्हे नंबरांची टिपणं, म्हणजे मोजणीच्या वेळी काढलेले शेतांचे आराखडे, मागा. टिपण वाचायला घाबरू नका. शेताच्या मधून एक आधाररेषा जाते, तिच्या डाव्या-उजव्या अंगाला कोपऱ्यांचे लंब घेतलेले असतात आणि मापं साखळी-आण्यांत असतात. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. जुनं टिपण आणि आजचं उपग्रहाचं चित्र शेजारी ठेवा. नदीकडची बाजूच तेवढी कमी-जास्त झालेली दिसली तर काठ सरकलाय. कृष्णा एका काठाचं कापते आणि समोरच्या काठाला मळी घालते. त्या मळीवर कृष्णाकाठची वांगी पिकतात, ज्यांच्या भरल्या वांग्याला आम्ही दुसऱ्या कुठल्या वांग्याची सर येऊ देत नाही. तेव्हा मळीचे तुकडे नकाशावर वेगळ्या रंगानं भरा. क्षारपड जमीनही तशीच वेगळी दाखवा. उसाला वर्षानुवर्षं पाणी देऊन आणि निचरा न झाल्यानं शिरोळ तालुक्यात बरीच जमीन पांढरी पडली. आता जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून ती पुन्हा पिकाखाली आणतायत. हाही तुमच्या गावाचा इतिहासच आहे, लिहून ठेवा.

भूगोलाच्या पानावर पाण्याचं कारण आलंच पाहिजे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या, आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती, मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. ती कोल्हापूरला वळसा घालून पूर्वेकडं येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. वर गगनबावड्याला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि इकडं शिरोळ तालुक्यात ५०० च्या आसपास. म्हणून आमच्याकडं ऊन पडलेलं असताना पूर येतो. कृष्णा आधीच वारणेचं पाणी हरिपूरला पोटात घेऊन भरून आलेली असते. पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही, आणि ती मागं फुगते. हा फुगवटा समजला नाही तर कुरुंदवाड समजलं नाही. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. तिथलं पाणी ओसरायला लागलं तरी आमच्या गल्लीतलं लगेच हलत नाही. खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पूर्ण साठवण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि तिच्यामुळं इकडं पाणी तुंबतं का यावरून वाद चालू असतात. वहीत वादाची बाजू घेऊ नका. कुठल्या तारखेला पाणी कुठल्या पायरीला होतं ते लिहा. पुढं वाद सोडवायला तीच नोंद कामाला येईल.

फिरायला कधी जायचं हे नीट ऐका. लोक उन्हाळ्यात जातात, पाणी कमी असेल म्हणून. आमच्या नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा सरला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवतात, त्यामुळं बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला नदी उन्हाळाभर भरलेली असू शकते. जूनच्या तोंडावर बरगे काढले की मोठ्या पावसाआधी थोडे दिवस पात्र उघडं पडतं. घाटाच्या खालच्या पायऱ्या, जुने उतार, नाव बांधायचे दगड बघायचे तर तेव्हा. बंधाऱ्यावरच्या माणसाला आधी विचारून ठेवा.

त्या दिवसांत नृसिंहवाडीलाही जाऊन या. दत्ताच्या पादुकांचं देऊळ काठाला अगदी खाली आहे. पुराचं पाणी उत्तरेच्या दारानं आत येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडायला लागलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविक त्यात स्नान करतात, मोजणी करणाऱ्यानं वेळ आणि तारीख टिपावी. दरसाली कधी झाला, कितीदा झाला, याची नोंद म्हणजे नदीचा आलेखच आहे. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात. त्याच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत. बासुंदी आणि कवठाची बर्फी घ्यायला विसरू नका, पण आधी पायऱ्या मोजा.

आता राजाचं पान. कुरुंदवाड आज कोल्हापूर जिल्ह्यात असल्यानं सगळे करवीर, म्हणजे कोल्हापूर, दरबारची कागदपत्रं शोधत बसतात. तिथं फार हाती लागत नाही, कारण कुरुंदवाड हे पटवर्धनांचं स्वतंत्र संस्थान होतं. मूळ पुरुष हरभट पटवर्धन, इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्ये. त्यांच्या मुलांपैकी त्र्यंबक हरी यांच्याकडं १७३३ साली कुरुंदवाड आलं. १८११ साली शेडबाळ वेगळं झालं, १८५४ साली थोरली पाती आणि धाकटी पाती अशी वाटणी झाली. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. करवीर संस्थान विलीन झालं १ मार्च १९४९ ला, म्हणजे जवळजवळ वर्षानं. तेव्हा आपलं गाव कुठल्या साली कुणाच्या अमलाखाली होतं याचा तक्ता आधी करा, म्हणजे कुठल्या दप्तरखान्याचा उंबरा झिजवायचा ते कळेल. करवीरच्या गावांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार, पेशव्यांशी आणि पटवर्धनांशी संबंध आला की पुण्याचं. १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर आणि राज्य शासनानं १९६० साली काढलेलं, दोन्ही वाचा. जुन्यात साहेबाची नजर आहे हे ध्यानात ठेवून.

कागद मोडी लिपीत असतील. महिनाभर चिकाटीनं बसलात तर सनावळी आणि नावं वाचता यायला लागतात. तारखांचं गणित एवढं: इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, फसली सनात ५९०, शुहूर सनात ५९९, वर्ष कुठल्या महिन्यात बदलतं त्याप्रमाणं एकाचा फरक पडतो. शके १५९६ म्हणजे १६७४, शिवराज्याभिषेक, हे पाठ ठेवलंत की ताळा जमतो.

वहीत एक शिस्त मी सगळ्यांना लावतो. पक्कं ते शाईनं, अंदाज तो पेन्सिलीनं. उदाहरण देतो. कुरुंदवाडच्या घाटावर सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी आहे. ते मारले गेले १६९७ साली, शंभूमहादेवाच्या डोंगराकडं. हे शाईनं. समाधी इतक्या लांब इथंच का, तर संगम हे तीर्थ, हे पेन्सिलीनं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा संस्कृत शिलालेख आहे. त्यात संगमावरचं कूडलदामवाड हे गाव देवाला दिल्याचं म्हटलंय. वाचताना माझं काळीज लकाकलं, कारण संगम आणि नाव दोन्हींवरनं कुरुंदवाडच डोळ्यांपुढं येतं. तरी माझ्या वहीत ती ओळ पेन्सिलीतच आहे. खिद्रापूरला गेलात की स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छताखाली थोडं थांबा, आणि बाहेर पडलेले वीरगळ, म्हणजे लढाईत मेलेल्या वीरांचे स्मारक-दगड, तेही बघा. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली लढाई, मधे वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. पीठ किंवा शेंदूर चोळून अक्षरं उठवू नका. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात किंवा बाजूनं बॅटरी धरली की अक्षरं आपोआप दिसतात.

माणसांकडं जाताना "जुना इतिहास सांगा" असं म्हणू नका, ते पुस्तकात वाचलेलं सांगतात. नेमकं विचारा. पूल व्हायच्या आधी पलीकडं कसं जात होता? नावेला काय देत होता, पैसे की धान्य? गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी कोण ओलांडलंय? पुरात जनावरं कुठल्या माळावर नेत होता? संस्थानाची पागा कुठल्या अंगाला होती? (भारतीय सर्कशीचे जनक विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडकरांच्या पदरी होते, त्यामुळं घोड्यांच्या गोष्टी इथं घराघरांत मिळतात.) नाव चालवणाऱ्यांच्या घरी जाऊन डोहांची नावं विचारा, ती कुठल्याच नकाशावर नसतात. बायकांना धुण्याच्या आणि पिण्याच्या पाण्याचे घाट वेगळे होते का ते विचारा. आणि आजचंही लिहा. कुरुंदवाडात काही मशिदींत गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले तर पंजे आणि गणपती एका छताखाली असतात. कुठली मशीद, कुठली गल्ली, मंडळात कोण कोण, विसर्जनाची मिरवणूक कुठून जाते, हे आज लिहिलं नाही तर पन्नास वर्षांनी कुणाला तरी पेन्सिलीनं लिहावं लागेल.

घरोघरचे कागद बघायला मिळाले तर मूळ कागद घरी न्यायला मागू नका. अंगणाच्या सावलीत, स्वच्छ चादरीवर ठेवून फोननं फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. कागदाच्या मागच्या बाजूचाही काढा, कारण हिशेब आणि पुराच्या नोंदी लोक तिथं लिहीत. फाईलला गावाचं नाव, कागदाचं साल आणि फोटोची तारीख द्या, मालकाचं नाव वेगळ्या यादीत ठेवा. छापलेला एक संच त्या घरी परत द्या, एक गावच्या वाचनालयात ठेवा, तोही वरच्या मजल्यावर.